संघटनेची मान्यता आणि परदेशचे साथी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आंतरराष्ट्रीय कामगार ऐक्याचा विषय निघाला की मार्क्सचा हवाला दिला जातो, टाळ्या पडतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मात्र या ऐक्याचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेला आहे, आणि तो जितका उमेद देणारा तितकाच सावध करणारा आहे. त्या गिरण्यांत कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या माणसांच्या बरोबरीने नगर जिल्ह्यातली माणसेही राबत होती. तेव्हा हा इतिहास या जिल्ह्याला परका नाही.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने कामगार संघटनेला नोंदणी दिली. परंतु नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे बंधन त्याने घातले नाही. ही उणीव १९२८ साली उघड झाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. मालकांचा पहिला पवित्रा होता तो असा की, नोंदणी नसलेल्या संघटनांशी बोलणी करायची नाहीत. मे महिन्यात गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली, आणि ना. म. जोशी यांच्या नेमस्त युनियनबरोबर तिने संयुक्त संप समिती स्थापन केली. लाल बावटेवाले आणि नेमस्त एका टेबलाशी बसले, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना ती गैरसोयीची असावी. सतरा मागण्यांवर वाटाघाटी झाल्या, ऑक्टोबरात संप मिटला आणि फॉसेट समिती नेमली गेली. डिसेंबरपर्यंत युनियनची सभासद संख्या चोपन्न हजारांवर गेली आणि गिरण्यागिरण्यांतून समित्या उभ्या राहिल्या. मालकांच्या कागदावर उतरण्याआधी मान्यता खात्याखात्यांतून मिळू लागली होती.

या संपात परदेशातून मदत आली. रशियातील कापड कामगारांच्या संघटनेने पैसे पाठवले, आणि त्यावरून मोठे काहूर माजवण्यात आले. पण हिशेब मांडून पाहावा. दीड लाख माणसांच्या सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीपुढे कोणत्याही देशाची देणगी किती पुरणार? संपकाळात कामगार मोठ्या संख्येने आपापल्या गावी परतले होते. संपाचा सर्वांत मोठा निधी गावाकडच्या कणगीत होता. त्याची पावती कोणी फाडली नाही, म्हणून तो इतिहासात नोंदला गेला नाही एवढेच. परदेशी पैशाचे मोल निराळे होते. आपला लढा दूरच्या माणसांना आपला वाटतो, हे त्यातून कामगाराला कळले.

सरकारलाही ते कळले. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रज कार्यकर्ते मुंबईच्या कामगारांत मिसळून काम करीत होते. ब्रॅडली तर स्वतः इंजिनिअरिंग कामगार होता. अशा लोकांना देशाबाहेर घालवता यावे म्हणून सरकारने पब्लिक सेफ्टी बिल आणले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी ते अडवले, तेव्हा व्हाइसरॉयने वटहुकूम काढला. एप्रिल १९२९ मध्ये मंजूर झालेल्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याने आपल्या धंद्यातील तंट्यापलीकडच्या, सरकारवर दडपण आणणाऱ्या संपांना बेकायदा ठरवले. म्हणजे सहानुभूतीच्या संपाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. त्याआधी २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड होऊन मीरतचा कट खटला उभा राहिला होता. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, अधिकारी, गिरणीतून आलेले आळवे आणि कासले, यांच्याबरोबर स्प्रॅट, ब्रॅडली व पुढे हचिन्सन हे तीन इंग्रज आरोपीच्या पिंजऱ्यात होते. परदेशच्या कामगारांशी असलेले संबंध हाच कटाचा पुरावा मानला गेला.

नेते तुरुंगात असताना १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप झाला. कामावरून काढलेल्यांना परत घेणे आणि गिरणी समित्यांना मान्यता देणे हा त्या झगड्याचा गाभा होता. तो संप मोडला, आणि युनियन पाहता पाहता दुबळी झाली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले होते. त्याच्या काळातही खटला चालूच राहिला. समाजवाद्यांनी हे विसरू नये. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे मजूर पक्षाचे सरकार गेल्यानंतर. तेव्हा ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेस आणि मजूर पक्ष यांनी कैद्यांच्या सुटकेची मागणी करणारे पत्रक काढले. याउलट लँकेशायरच्या कामगार नाट्यपथकांनी मीरतवरची छोटी नाटिका रस्त्यांवर केली. मुंबईचे कापड लँकेशायरच्या कापडाशी स्पर्धा करीत होते. तरीही तिथल्या बेकार कामगारांना मीरतच्या कैद्यांबद्दल आपुलकी वाटली. पुढारी सोयीने बोलले आणि सामान्य कामगार आधी बोलला, असा हा प्रसंग आहे. ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षा पुष्कळ कमी केल्या. परंतु मुंबईच्या एकाही गिरणीत त्यामुळे समितीला मान्यता मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र पालटावे? मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती १९४७ साली संमत झाली, आणि ती कधीच अंमलात आली नाही. भारत आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९१९ पासूनचा सभासद. तरीही संघटना-स्वातंत्र्याचा १९४८ चा करार क्रमांक ८७ आणि सामुदायिक वाटाघाटींचा १९४९ चा करार क्रमांक ९८ यांना त्याने आजवर अनुमोदन दिलेले नाही. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी तीस टक्के सभासदत्वाची अट घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकमेव वाटाघाटी संघटना होण्यासाठी एक्कावन्न टक्के लागतात; तेवढे कोणाकडेच नसतील तर वीस टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद करायची.

पण टक्केवारी काढायची तर आधी हजेरीपट हवा. नगर आणि संगमनेरच्या विडी कामगार स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांचा मालक कोण, हा प्रश्न १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने सोडवू पाहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो कायदा वैध ठरवला. अहमदाबादच्या 'सेवा' या संघटनेची नोंदणी १९७२ मध्ये होताना हीच अडचण आली होती: मालक नाही, मग युनियन कशी? पुढे ही संघटना अन्न व शेती कामगारांच्या जागतिक संघात सामील झाली, आणि अशा संघांच्या पाठबळाने १९९६ मध्ये घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १७७ झाला. त्यालाही भारताचे अनुमोदन नाही. तरी इथे परदेशच्या साथीदारांनी खरे काम केले.  घरी काम करणारी बाई कामगार आहे, हे जगाच्या व्यासपीठावर वदवून घेतले.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड मजुरांची गोष्ट अजून तिथवर आलेली नाही. त्यांच्या संघटना आहेत, बबनराव ढाकण्यांसारखे नेते त्यांना मिळाले, संप होतात आणि तोडणीचे दर साखर संघाशी बोलणी करून ठरतात. दरापुरती ही मान्यताच म्हणायची. मात्र भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बाळंतपण यांचा विषय निघाला की कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे लोक. त्याच कारखान्याच्या बॉयलरवरचा माणूस वेतन मंडळाच्या श्रेणीत बसतो, आणि फडात कोयता चालवणारे जोडपे कोणाचेच नसते. सहकाराच्या या जिल्ह्यात, जिथे १९५० मध्ये प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, तिथे हे चालावे याची लाज वाटायला हवी.

२०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण जगापुढे मांडले आणि साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपन्यांना जाब विचारला गेला. हे चांगले झाले. परंतु गिऱ्हाइकाची हळहळ आणि कामगारांची एकजूट यांत अंतर आहे. कंपनीचा तपासनीस येतो तो संडास आणि पाण्याची टाकी पाहतो. टोळीची संघटना कोणती आणि कारखाना तिच्याशी बोलतो का, हे त्याने विचारावे असे वाटत असेल, तर ते विचारायला त्याला भाग पाडण्याची ताकद त्या पेयांच्या कारखान्यांतील परदेशी युनियनांकडे आहे. सहकारी कारखान्याचे मुख्यालय तालुक्याच्या गावी असते. न्यूयॉर्कचे दडपण तिथे थेट पोचत नाही, साखरेच्या खरेदीदारामार्फत पोचू शकते.

त्यासाठी त्या युनियनांच्या हाती काय द्यायचे? उचलीच्या कागदावर बहुधा मुकादमाचे नाव असते, कारखान्याचे नसते. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पाथर्डी आणि शेवगावच्या कार्यकर्त्यांनी गाववार नोंद करावी: कोणती टोळी, किती कोयते, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमामार्फत, किती उचलीवर. गाड्या निघण्याच्या दिवशी वेशीवर वही घेऊन बसले तरी हे काम होण्यासारखे आहे.