धुक्यातील मांडू

(इंदूर येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक सहलींविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची सूचना आहे. सहलीचे हेतू आणि नियोजन आपण सारे जाणताच. म्हणून आज मी आपल्याला एका फसलेल्या सहलीची हकिकत सांगणार आहे.

२०१९ सालच्या श्रावणात सातवीच्या ४० विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मांडूला गेलो. इंदूरहून मांडू सुमारे १०० किलोमीटर. माझी वृद्ध आईही बरोबर होती. नर्मदेची परिक्रमा करावी, ही तिची आयुष्यभराची इच्छा. परंतु गुडघ्यांनी ती पुरी होऊ दिली नाही. मांडूच्या रूपमती मंडपातून निमाडच्या सखल प्रदेशापलीकडे नर्मदेची रुपेरी रेघ दिसते, हे तिने ऐकले होते. नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून राणी रूपमती अन्न घेत नसे, अशी लोककथाही आहे. मुलांना मी ती कथा वर्गात सांगितली होती आणि ‘नदी तुम्हाला नक्की दाखवीन’ असे वचनही दिले होते.

धार सोडल्यावर पावसाने गाठले. मंडपापाशी पोहोचलो तेव्हा दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. कड्याच्या टोकाशी नुसते पांढरे धुके दाटलेले! मुले हिरमुसली. ‘बाई, नदी कुठे आहे?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कडा निसरडा असल्यामुळे मुलांना मागे घेतले आणि आम्ही सारे मंडपाच्या आडोशाला उभे राहिलो.

तेवढ्यात एका मुलाचे लक्ष खाली गेले. गच्चीवर पडणारे पाणी इतस्ततः वाहून न जाता एका ठराविक वाटेने खाली उतरत होते. ते कोठे जाते हे पाहता पाहता मुले मंडपाच्या तळाशी असलेल्या टाक्यापर्यंत पोहोचली. राणीचा म्हणून आपण ओळखतो तो हा मंडप मुळात पहाऱ्याची चौकी होता. पहारेकऱ्यांना पाणी हवे आणि या उंच कड्यावर विहीर कोठून यावी? म्हणून छपरानेच पाणी धरावे, अशी ही योजना!

मग मुलांनी सबंध मांडू त्याच नजरेने पाहिले. हा गड विंध्याच्या पठारावर आहे. भोवती खोल दऱ्या आहेत, परंतु गडावर नदी नाही. होशंगशाहाने माळव्याची राजधानी धारहून येथे आणली, तेव्हा सबंध शहराची तहान चार महिन्यांच्या पावसावर भागवावी लागली असणार. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये सुमारे १२० मीटर लांबीचा जहाज महाल उभा आहे. त्याच्या गच्चीवर पाण्यासाठी वळणावळणाची पन्हळ आहे. वळणांवर पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून समजावताना माझा सबंध तास खर्ची पडला असता. त्या दिवशी पाणी डोळ्यांसमोर वाहत होते आणि मुले भिजत भिजत त्यात पाने सोडून वेग मोजत होती.

उन्हाळ्यात याच पन्हळी आपण कोरड्या पाहतो आणि नक्षी समजून पुढे जातो. मांडूची खरी करामत दिसते ती पावसातच. बादशहा जहांगीर १६१७ साली येथे राहिला होता. पावसाळ्यात मांडूइतके रम्य ठिकाण आपल्या माहितीत नाही, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. आम्ही मात्र त्याच पावसाला दूषणे देत होतो!

आणि आई? परतताना आम्ही रेवाकुंडाशी थांबलो. नर्मदेच्या नावाचे हे कुंड भाविक पवित्र मानतात. बाजबहादूरच्या महालाला पाणी पुरविण्याची सोय याच कुंडावरून केलेली होती. आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. मी खंत बोलून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, कड्यावरून खाली धावत होतं ते पाणी कुठे चाललंय? मैयाकडेच ना? मग तिचं दर्शन झालं नाही, असं कसं म्हणतेस?’

‘पुढच्या वर्षी उघडीप पाहून पुन्हा नेईन,’ असे मी तिला म्हटले होते. पुढच्या वर्षी, २०२० साली, महामारीमुळे सहलीच बंद झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. ते धुक्यातले मांडूच तिचे एकमेव मांडू ठरले. आकाश निरभ्र नाही म्हणून त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परतलो असतो, तर तेवढेही तिच्या वाट्याला आले नसते.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. विजा कडाडत असताना किंवा नाल्याला पूर आलेला असताना मुलांना बाहेर काढणे हा निव्वळ अविचार होय. तेथे सहल रद्द करणे हेच शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु धोका निराळा आणि हिरमोड निराळा. हिरमोड झाला असता ‘जे दिसले नाही’ त्याचा शोक थोडा आवरावा आणि ‘जे आज दिसू शकते’ त्याकडे मुलांचे लक्ष वळवावे, एवढेच माझे सांगणे आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊस चालूच होता. एका मुलीने खिडकीतून बोट दाखवून विचारले, ‘बाई, आपल्या छपराचं पाणी कुठे जातं?’ ते रस्त्यावर जात होते आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट पाहत होतो. त्या प्रश्नातूनच पालकांच्या मदतीने शाळेत पाणी साठवण्याची टाकी उभी राहिली. स्वच्छ उन्हात नदी दिसली असती, तर हा प्रश्न कोणाला सुचला असता, असे मला वाटत नाही.