देवळालीचे मास्तर रायपुरात

रायपुरातल्या मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत यंदा एक संध्याकाळ गणिताच्या वाट्याला आली. फलकावर विषय होता ‘शालेय गणितशिक्षकांसाठी नवे काय?’ आणि वक्त्या होत्या हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळांत हयात घालवून निवृत्त झालेल्या गणिताच्या एक बाई. नवी पाठ्यपुस्तकं, प्रशिक्षणं, संस्था यांची माहिती त्या देतील अशी संयोजकांची अपेक्षा होती. बाईंना मात्र एकच गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी आल्या आल्या सांगून टाकली. जो शिक्षक अधूनमधून स्वतःला न येणारं गणित सोडवायला बसत नाही, त्याला कितीही प्रशिक्षणं द्या, उपयोग शून्य.

शून्य म्हणताना त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पहिल्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

‘दोन हजार पाचची अभ्यासक्रम रूपरेषा तुम्हाला माहीतच आहे,’ असं म्हणून बाई पुढे निघाल्या. निम्म्या सभागृहाला ती माहीत नव्हती, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. म्हणून वाचकांसाठी एवढंच. एनसीईआरटीच्या त्या रूपरेषेसाठी गणिताचा वेगळा गट नेमला होता, चेन्नईचे सैद्धांतिक संगणकशास्त्रज्ञ आर. रामानुजम त्याचे अध्यक्ष होते. नुसती आकडेमोड येणं पुरेसं नाही, मुलाला गणिती रीतीने विचार करता आला पाहिजे, अशी भूमिका त्या गटाने मांडली. बहुतेक मुलांना गणिताची वाटणारी भीती आणि शिक्षकांची अपुरी तयारी या दोन्हींवर त्यात स्पष्ट बोट ठेवलेलं आहे. बाईंचा सगळा मुद्दा याच तयारीचा होता, पण संदर्भ सांगत बसण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता.

बातम्या त्यांनी झपाट्याने दिल्या. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं आहे. ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालं आणि करोनाच्या टाळेबंदीच्या वर्षी ते ‘दीक्षा’ या मंचावर गेलं. जुलै २०२१पासून ‘निपुण भारत’ आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावं, हे त्याचं उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. ‘आता या पन्नास तासांचं काय होतं ते सांगते,’ बाई म्हणाल्या. ‘मोबाइलवर व्हिडिओ चालू, गॅसवर कुकर चालू. तीन शिट्ट्या झाल्या की प्रमाणपत्र.’ सभागृह मनापासून हसलं. हसणाऱ्यांत शिक्षक जास्त होते.

एक तरुण शिक्षक मात्र हसला नाही. तो मागच्या रांगेतून उठला. ‘मॅडम, माझी पहिली नेमणूक बस्तरात होती. तिथे मला कोण शिकवायला येणार होतं? कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवतात, हे मी पहिल्यांदा त्या व्हिडिओतच पाहिलं.’ बाई क्षणभर थांबल्या आणि ‘तुम्ही अपवाद आहात’ असं म्हणून पुढे गेल्या. हे उत्तर काही पटण्यासारखं नव्हतं. दूरच्या शाळेत एकट्या असलेल्या शिक्षकाला छोट्या पडद्यावरून मिळणारी ओळखही मोलाची असते. बाईंचा राग प्रमाणपत्रांवर होता. तो व्हिडिओंवर निघाला.

त्यांना हवा असलेला नमुना दुसराच होता, आणि तो जुन्या मध्य प्रदेशातला होता. १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. १९७८मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली आणि २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. प्रयोगपेटी, प्रश्न विचारणारी पुस्तकं, मुलांच्या पत्रांना उत्तर देणारा ‘सवालीराम’, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. बाईंना त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती मासिक गोष्ठी. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा संगम केंद्रावर जमायचे. वर्गात काय अडलं, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, हे बोलायचे आणि पुढचा प्रयोग आपल्याला जमतो का, हे करून बघायचे. तो प्रयोग विज्ञानाचा होता, गणिताचा नव्हता, असं कुणीतरी पुटपुटलं. ‘ऐकू आलं मला,’ बाई म्हणाल्या. ‘एकत्र बसायला विषय लागत नाही, सतरंजी लागते.’

छत्तीसगडात सतरंजी आहे, हेही त्यांनी सांगितलं. संकुल पातळीवर शिक्षकांच्या बैठका होतात, समग्र शिक्षा अभियानाचं ‘चर्चा पत्र’ त्यासाठीच निघतं. शिक्षकांनी स्वतःहून छोटे अभ्यासगटही केले आहेत. पण बऱ्याच बैठकांत माहितीचे तक्ते भरून घेण्यातच दुपार जाते, ही बाईंची तक्रार. जपानात शिक्षकांचा एक गट मिळून एकच पाठ तयार करतो, एकजण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात आणि नंतर त्या एका पाठावर बोलतात. तिथे तक्ता भरायला कुणाला सवड नसते.

इथपर्यंत व्याख्यान वेळेत होतं. मग देवळालीचे मास्तर आले.

निमित्त झालं एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या पुस्तकाचं. ‘गणित प्रकाश’ २०२४मध्ये आलं. त्यात कोलाट्झ या गणितज्ञाचं अजून न सुटलेलं कोडं आहे आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची संख्याही आहे. कापरेकर १७ जानेवारी १९०५ला डहाणूत जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, आणि १९३०पासून १९६२पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. एका प्रकारच्या संख्या त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचल्या, म्हणून त्या स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डोंबिवलीचं नाव निघताच दोन-तीन ठिकाणी टाळ्या वाजल्या. माहेर तिकडचं असणार.

‘आता आपापल्या गाडीचा नंबर आठवा,’ बाई म्हणाल्या. ‘सीजी ०४ सोडा, शेवटचे चार अंक घ्या. चारही अंक सारखे असले तर शेजाऱ्याचा नंबर घ्या.’ अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फळ्यावर त्यांनी कापरेकरांचं जन्मवर्षच घेतलं. १९०५चे अंक लावले की ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. सात पायऱ्या झाल्या, आणि सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. ६१७४वर पुन्हा तीच क्रिया केली तर ६१७४च येतं. कापरेकरांना हे १९४६मध्ये सापडलं, १९४९मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ते मांडलं. हा पोरखेळ आहे असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं.

एव्हाना सभागृहात कुणी व्याख्यान ऐकत नव्हतं. निमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर वजाबाक्या चालल्या होत्या, कूलरच्या घरघरीवरून ‘माझं आलं, माझं आलं’ असे आवाज येत होते. तेवढ्यात चौथ्या रांगेतल्या एक काकू उठल्या. त्यांच्या स्कूटरचा नंबर २१११. ‘माझं शून्य आलं,’ त्या म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात. २१११ वजा १११२, मोबाइलवर ९९९. आता ९९९ वजा ९९९, संपलं.

बाईंचा चेहरा उजळला. ही चूक त्यांना हवीच होती. उत्तर ९९९ असलं तरी चार अंक राखायचे, म्हणजे ०९९९ लिहायचं, मग ९९९० वजा ०९९९. पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. काकूंचं पाचव्या पायरीला आलं आणि टाळ्या वाजल्या. ‘सहावीचं पोरगं इथेच अडकणार,’ बाई म्हणाल्या. ‘ज्या मास्तरने घरी बसून स्वतः केलंय, तो आधीच इथे अडकून आलेला असतो. ज्याने केलं नाही, तो पोराला म्हणतो, तुझी वजाबाकी चुकली.’

एका मुलाने विचारलं, सात पायऱ्यांत होतंच हे कशावरून? सगळ्या संख्या कुणी तपासल्या? खरं तर व्याख्यान इथे आवरायला हवं होतं. बाईंनी फळा पुसला. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक क, मधल्या दोन अंकांतला फरक ख. मग वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले क अधिक ९० गुणिले ख इतकीच येते. म्हणजे चारही अंकांची गरजच उरत नाही, दोन फरक पुरतात. क एकपासून नऊपर्यंत, ख शून्यापासून क पर्यंत. जोड्या होतात फक्त ५४. दहा हजारांच्या आसपास संख्या तपासायच्या, त्याऐवजी ५४. दोन्ही पदांना नऊने भाग जातो, म्हणून उत्तरही दरवेळी नऊच्या पटीत. मुलगा ५४ जोड्या मांडायला बसला. त्याच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं.

पहिली रांग एवढा वेळ गप्प होती. आता एक मुख्याध्यापक उठले. ‘आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीपर्यंत पाठ होतं. २०२४चा “असर” अहवाल बघा. खेड्यातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी तिसाच्या आसपास मुलांनाच साधा भागाकार येतो. आणि तुम्ही गमतीजमती सांगताय.’ टाळ्या यालाही पडल्या. बाईंनी पिशवीतून एक वही काढली, नाव झाकून दाखवली. ६२४ भागिले ६, उत्तर १४. ‘सर, या पोराला सहाचा पाढा येतो. सहा एके सहा आलं, सहा चोक चोवीस आलं. मधे दोनाला सहाने भाग जात नाही, तिथे शून्य लिहायचं राहिलं. काकूंनी सोडलं तेच शून्य.’ मुख्याध्यापक खाली बसले, पण ‘पाढे हवेतच’ असं म्हणूनच. बाईंनी मान डोलावली. पाढ्यांशी त्यांचं भांडण नव्हतंच.

बालभारतीच्या ‘वीस एक’ प्रकरणाचं काय, हा प्रश्न येणारच होता. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं, महाराष्ट्र विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, आणि समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर जुनी पद्धत रद्द केलेली नाही, हे समजावत राहिल्या. बाईंची तक्रार वेगळीच होती. त्या गदारोळात पुढारी बोलले, संपादक बोलले, पालक बोलले. दुसरीच्या वर्गात हे रोज शिकवणाऱ्या शिक्षकांना किती जणांनी विचारलं? नारळीकरबाई २०२३मध्ये गेल्या. पद्धत बरोबर की चूक, यावर मात्र बाईंनी मत दिलं नाही. त्या संध्याकाळी त्या एवढ्या एकाच बाबतीत सावध राहिल्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, मग दुसरी आली. तेव्हा कुठे बाईंना मूळ विषय आठवला, आणि पाऊण तासाचा मजकूर दोन मिनिटांत आटोपला. चेन्नईची गणितशिक्षकांची अखिल भारतीय संघटना १९६५पासून आहे, तिची वार्षिक परिषद भरते, शिक्षकांसाठी नियतकालिक निघतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४मध्ये सुरू झालेलं. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६पासून. ते काढणारे श्रीराम अभ्यंकर उज्जैनला जन्मले, म्हणजे ‘आपल्यासारखेच बाहेरचे मराठी’. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ २०१२पासून निघतं आणि फुकट वाचता येतं. २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन रांगोळीवर आणि भाषणांवर घालवू नका. यातलं कितीतरी लोकांना लिहून घ्यायचं होतं, पण कागद आधीच वजाबाक्यांनी भरले होते. व्याख्यानाचा तोल गेला होता यात शंका नाही. संस्थांची यादी छापील स्वरूपात वाटली असती तर श्रोत्यांची सोय झाली असती.

आभार चालू असताना बाईंनी ध्वनिक्षेपक पुन्हा मागून घेतला. महिन्यातल्या एका रविवारी रायपुरातल्या गणितशिक्षकांनी दोन तास एकत्र बसावं, हिंदी माध्यमाचे असोत, इंग्रजी माध्यमाचे असोत, खासगी शाळेचे असोत की सरकारी. अध्यक्ष नको, हार नकोत, प्रमाणपत्र तर नकोच. येताना प्रत्येकाने मुलांच्या चुकलेल्या तीन वह्या आणाव्यात, नावं झाकून, आणि स्वतःला न सुटलेलं एक गणित.