बक्षीस हुकलेला बारी



बक्षीस समारंभाला तुम्ही मला बोलावलंत, आणि मी आलोय बक्षीस हुकलेल्या माणसाची गोष्ट घेऊन. आंत्वान-लुई बारी त्याचं नाव. मागच्या रांगेत हसू नका, संगीतबारीशी त्याचा काही संबंध नाही! हा पॅरिसच्या सोनाराचा मुलगा, जन्म 1795चा, कांस्यातून प्राणी घडवणारा शिल्पकार.

रोमच्या शिष्यवृत्तीसाठी तो पुन्हा पुन्हा स्पर्धेत उतरला. पहिलं बक्षीस काही मिळालं नाही. मग पोटासाठी एका सोनाराकडे राहिला, छोटे छोटे प्राणी घडवू लागला, आणि वेळ मिळाला की पॅरिसच्या 'जार्दां दे प्लांत' उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात वही घेऊन बसू लागला. चित्रकार देलाक्रवा सोबतीला. एकदा तिथला सिंह मेला. देलाक्रवाची चिठ्ठी आली, धावत ये! कातडं उतरवलेल्या त्या सिंहाचे स्नायू दोघांनी कागदावर उतरवले. वासाची कल्पना तुम्हीच करा. बारी नुसती चित्रं काढून थांबत नसे, मापंही टिपून ठेवी.

1831मध्ये पॅरिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याने वाघ मांडला, सुसरीला फाडणारा. सुसर आपल्या गंगेतली! गंगा त्याने जन्मात पाहिली नाही, पण तो वाघ बघताना ते कुणाच्या मनातही येत नाही.

तरी प्रतिष्ठितांच्या लेखी प्राणी म्हणजे हलकं काम. त्याला 'प्राणीवाला' म्हणायचे, तेही नाक मुरडून. 1837मध्ये त्याच प्रदर्शनाच्या निवड समितीने त्याची शिल्पं परत पाठवली. बारीनेही मग बरीच वर्षं तिकडे काही पाठवलं नाही. त्याने स्वतःच ओतकाम सुरू केलं. हात सोन्याचा, व्यवहार मात्र कच्चा. 1848मध्ये दिवाळं निघालं आणि मूळ नमुनेसुद्धा सावकारांच्या ताब्यात गेले. हे वाचताना मला फार लागलं.

पुढे 1854मध्ये त्याच उद्यानाच्या संग्रहालयात तो प्राणिचित्रण शिकवू लागला. विद्यार्थ्यांत एक होता रोदँ, पुढे नावाजलेला शिल्पकार. झिजलेल्या कोटातल्या या अबोल मास्तरांचं मोल त्यालाही उशिराच कळलं. तेव्हा विद्यार्थ्यांनो, आपल्या सरांकडे आजच नीट बघून घ्या!

सापाला पंजाखाली दाबणारा बारीचा सिंह आज लूव्रमध्ये आहे. कधी गेलात तर चेहरा नंतर बघा. आधी पंजा बघा.