पाड्यावरच्या अपंगांचं नाव कागदावर कधी?

(तालुका मेळाव्यात केलेलं भाषण)



धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यापाड्यांवरून तुम्ही आज डोंगर उतरून आलात. पण कोण आलं नाही तेही बघा. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही, ते घरी आहेत. त्यांच्याजवळ थांबायला घरची एक बाई, नाहीतर शाळा सोडलेली एखादी पोरगी, तीही घरीच. ग्रामसभेतही असंच होतं.

सरकार म्हणतं, अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. म्हणू की! पण २०१६ च्या कायद्यात काय लिहिलंय ते ऐका. आधी अपंगत्वाचे ७ प्रकार धरायचे, आता २१ धरतात. त्यात सिकलसेल आहे. सातपुड्यात हा आजार किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. सांधे ठणकून पोरगा आठ-आठ दिवस उठत नाही आणि लोक त्याला कामचोर म्हणतात. त्यालाही तपासणी करून दाखला मागता येतो.

सगळं अडतं ते दाखल्यावर. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला लागतो आणि त्यासाठी नंदुरबार गाठावं लागतं. आपल्याला चालता येत नाही एवढं दाखवायला माणसानं डोंगर उतरायचा! बांबूची झोळी करायची, उचलायला चार जण, चौघांचा रोज बुडाला. फाट्यापासून जीपचं भाडं वेगळं. तिथं पोचल्यावर ऐकायचं, आज डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या खेपेला घरचेच म्हणतात, राहू दे. मग दाखला नाही म्हणून संजय गांधी निराधारचे पैसे नाहीत. ज्यांना मंजूर झाले त्यांना बँकेसाठी पुन्हा खाली उतरायचं, आणि मशीन अंगठा घेत नाही.

एका पाड्यावर आम्ही तीन चाकी सायकल बघितली. शिबिरात मिळालेली. पाड्याला पायवाट, तीही चढाची. सायकल पडवीत आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. त्या माणसाला हव्या होत्या बसत्या मापाच्या कुबड्या. विचारलं कुणी?

म्हणून आपली मागणी आहे की दाखल्याचं शिबिर बाजाराच्या गावात, नाहीतर आश्रमशाळेत भरवा. डॉक्टरांच्या गाडीला तिथवर रस्ता आहे.

आता सांभाळणाऱ्यांचं. आशाताई येते ती बाळंतिणीसाठी, अंगणवाडीताई लहान पोरांसाठी. तीस वर्षांचा माणूस खाटेवर आहे, त्याला कूस बदलायला, न्हाऊ घालायला कोण? त्याची आई. आई म्हातारी झाली की भावजय. ज्याला रात्रंदिवस आधार लागतो त्याच्या सांभाळासाठी भत्त्याची गोष्ट त्याच कायद्यात, कलम २४ मध्ये आहे. आमच्या फिरतीत हा भत्ता मिळालेलं एकही घर भेटलं नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्चायचे असतात. तेही मागा. पण आपल्या पंचायतीचं उत्पन्न म्हणजे कुडाच्या घरांची घरपट्टी, तिचे ५ टक्के ते किती होणार? पेसाचा अबंध निधी आरोग्यासाठी वापरता येतो, आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. झोळीचे रोज, जीपचं भाडं त्यातून द्यायचं का, हे ग्रामसभेत बोला.

आणि जमीन. वनहक्काच्या दाव्यात थोरल्याचं नाव लागलं, धाकट्याचं लागलं, मधला आंधळा, त्याचं राहिलं. मोजणीच्या दिवशी तो बांधावर फिरला नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आईबाप आहेत तोवर त्याला भाकर मिळते. पुढं भावांनी वाटणी केली की तो कुणाच्या ओसरीवर? दाव्याच्या फॉर्मात कुटुंबातल्या बाकीच्यांची नावं लिहायला रकाना आहे, त्यात घरावर अवलंबून असलेली मोठी माणसंही येतात. पट्टा विकता येत नाही, पण वारसानं पुढं जातो. त्याचं नाव कागदावर असलं तर उद्या बोलायला आधार राहील. बहिणींचंही तसंच. आंधळी-मुकी बहीण लग्न होऊन जाणार नाही, तिचं नाव तर आधी लिहा.

पुढच्या ग्रामसभेच्या वहीत एक पान त्यांच्यासाठी ठेवा. नाव, वय, काय होत नाही, सांभाळतं कोण, दाखला आहे का, दाव्यात नाव आहे का. ज्याला येता येत नाही त्याच्या घरी दोघांनी जाऊन, त्यालाच विचारून लिहायचं. ती पानं बाजारच्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात आणा, तहसीलवर एकदमच जाऊ.