कृपाणवरचे अण्णा
(आकाशवाणीवरील भाषण)



1971 साली 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. म्हणून तो नौदल दिन. आमच्या घरात मात्र 9 डिसेंबर पाळला जायचा. पाळायचा म्हणजे काय, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या रात्री जेवत नसत.

आमचं घर सोलापूरच्या नवी पेठेत, कापडाच्या दुकानांच्या गर्दीत. समुद्र बघायचा तर रात्रभराचा प्रवास. आजोबा गिरणीत बॉयलरवर होते. त्यांचा मुलगा नौदलात गेला तोही स्टोकर म्हणून. 'आयएनएस कृपाण' ही त्यांची बोट. पेठेतली माणसं त्यांना 'मिल्ट्रीवाले' म्हणत आणि बंदूक कुठली होती, असं विचारत. "बंदूक कुठली? पाना असायचा हातात," असं अण्णांचं उत्तर. बॉयलरला पाण्याच्या पातळीची काच असते. तिच्यावरून नजर हलवायची नाही. पाणी उतरलं तर नळ्या जळतात, फार चढलं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरतं. त्यांनी बघितलेलं युद्ध ते एवढंच.

9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' आणि 'कृपाण' शत्रूची पाणबुडी शोधत होत्या. पाकिस्तानच्या 'हंगोर'नं त्यांना आधी गाठलं. पाणतीर लागला आणि खुकरी काही मिनिटांत बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी बोट सोडली नाही. कृपाणवरही पाणतीर सुटला होता. ती तिथून निघाली. दुसऱ्या दिवशी पाण्यातून 67 जणांना जिवंत बाहेर काढलं गेलं.

कृपाण निघून गेली ते बरोबर की चूक, यावर पुढं पुष्कळ वाद झाला. खाली पाणबुडी असताना थांबणं म्हणजे दुसरी बोटही घालवणं, असं काही म्हणतात. पाण्यात आपली माणसं होती, असं काही म्हणतात. मला पहिलं पटतं, पण बोलायला माझं काय जातंय? अण्णांना कुणी छेडलं तर ते म्हणत, "वरचं वरच्यांना ठाऊक. माझ्याकडं वाफ मागितली, मी दिली." पुढं बोलणं बंद.

मग 1 फेब्रुवारी 1977 ला तटरक्षक दलाची सुरुवात झाली. पश्चिम किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, परदेशी कापड चोरून उतरत होतं. रुस्तमजी समितीनं त्यासाठी वेगळं दल सुचवलं होतं. या दलाला पहिल्यांदा मिळाल्या नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट, 'कृपाण' आणि 'कुठार', आणि पाच गस्ती नौका. अण्णा बोटीबरोबरच तटरक्षक दलात गेले. चोरट्या कापडाला आमच्या पेठेतही गिऱ्हाईक होतं. तो विषय निघाला की ते नुसते हसत.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, तेव्हा डब्यात पैसे टाकाच. पण आपल्या गल्लीत नौदलातून, तटरक्षक दलातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडं जाऊन बसाही. किती मारले, हे विचारू नका. बोट कुठली आणि तुमचं काम काय होतं, एवढं विचारा आणि लिहून ठेवा.