बाकावर कोण बसणार?

ऐकताय ना? हातातलं काम सुरू राहू द्या, आम्हीही कामं उरकूनच इथं बोलायला आलोय.

आम्ही अकरा घरांतल्या बाया. सहा घरं शिरूर तालुक्यातली, पाच दौंडमधली. मध्ये भीमा वाहते, पण कुणाचं माहेर अलीकडे तर सासर पलीकडे, त्यामुळे नदी आम्हाला कधी आडवी आली नाही. आज बोलायचंय ते सहलीबद्दल. सिनेमाच्या गोष्टींवर उभारलेल्या मोठ्या पार्कात अख्खं घर घेऊन एक दिवस कसं जायचं, ते ठरवताना आम्ही काय शिकलो, हे सांगतो.

आधी आमची फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका पार्कात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण चूक पार्कची नव्हती, आमचीच होती. पोरं खेळली, पुरुष खेळले. संध्याकाळी गाडीत बसल्यावर धाकट्या जावेनं सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कशात बसला?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मी बाकावर बसले." सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेलं तान्हं सांभाळत बसल्या होत्या. तिकीट मात्र त्यांचंही पूर्ण काढलं होतं. आणि दोघी तर आल्याच नव्हत्या, कारण घरी धारा कोण काढणार?

त्या दिवशी आम्ही ठरवलं, की पुढची सहल ठरवायची ती बाकापासून ठरवायची. कोणती राइड, कोणता रंगाचा टी-शर्ट, हे नंतर. आधी बाकावर कोण बसणार आणि गोठ्यात कोण थांबणार, ते ठरवायचं.

जायचं कुठं, यावर बरीच चर्चा झाली. पोरांनी हैदराबादची रामोजी फिल्म सिटी काढली. १९९६ साली रामोजी राव यांनी उभारलेली ती नगरी, बाहुबलीचे सेट तिथलेच. दौंड जंक्शनवरून गाडीही मिळते, पण रात्रीचा प्रवास आणि मुक्काम आला. एका दिवसात होण्यासारखं आपल्याजवळचं म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका. खोपोली-पाली रस्त्यावर, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं. त्यांची मूळची अ‍ॅडलॅब्स म्हणजे सिनेमाच्या फिल्म धुण्याची प्रयोगशाळा. त्या माणसानं पुढं पार्क काढलं, ते २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ च्या मे महिन्यात लागला होता, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथं मिस्टर इंडिया सिनेमावरची राइड आहे, अलिबाबा आणि चाळीस चोर आहेत, भुताचा सलीमगड आहे, आणि पायाखाली जमीन नसलेली नायट्रो नावाची भली मोठी रोलर कोस्टर आहे.

आमच्या सासवांच्या वेळी सिनेमा जत्रेत तंबू ठोकून गावाला यायचा. बायकांची बाजू वेगळी असायची, खाली माती, वर आभाळ. आता आपण सिनेमाच्या दारात जायचं, एवढाच फरक.

आता पैसे. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. बारा महिने आधी प्रत्येक घरानं रोजच्या एक लिटर दुधाचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. महिन्याला हजाराच्या जवळपास जमतात, वर्षाला बारा हजार. चार माणसांच्या घराला माणशी ३,००० रुपये धरले. त्यात तिकीट, गाडी, जेवण आणि वरखर्च. तिकिटाचा दर वाराप्रमाणे आणि सुट्टीप्रमाणे बदलतो, म्हणून दर आमच्याकडून ऐकू नका, निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर पोरीबाळींकडून बघून घ्या. पार्क त्या वारी उघडं आहे ना, तेही बघा. पाण्याच्या पार्कचं तिकीट वेगळं असतं. आम्ही पाण्याचं सोडलं. एका दिवसात दोन्ही करायला गेलं की एकही धड होत नाही.

एकटीदुकटीनं जायचं असेल तर एसटीचा विचार करा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. पण लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन तीन गाड्या बदलणं जड जातं. म्हणून आम्ही एकच मिनीबस ठरवली. ती शिरूरहून न्हावरेमार्गे केडगाव चौफुल्याला आली, दौंडची मंडळी तिथं चढली, आणि सोलापूर रस्त्यानं पुढं पुणे. दोन गाड्या केल्या असत्या तर भाडं दुप्पट झालं असतं.

एक वाद मात्र आठवडाभर चालला. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, आणि पार्कच्याच रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन गणपती हाकेच्या अंतरावर असताना दर्शन न घेता यायचं म्हणजे काय, असं सगळ्यांनाच वाटलं. पण हिशोब केला, तर दोन देवळं, त्यांच्या रांगा आणि पालीपर्यंतचं जाणं-येणं यांत दुपार उलटून जाणार. शेवटी आमच्या सासूबाईंनीच निकाल दिला. म्हणाल्या, "रांजणगावचा गणपती आपल्या दारात आहे, त्याला वर्षात कितीदा जाता? मग त्या दिवशी एवढी घाई कशाला?" आम्ही गप्प बसलो. आदल्या दिवशी रांजणगावला जाऊन आलो.

दिवस निवडला दिवाळीच्या सुट्टीतला, भाऊबीजेनंतरचा मंगळवार. नणंदा माहेरीच होत्या, पोरांची शाळा बंद होती, आणि कांद्याची लागण अजून लांब होती. शनिवार-रविवारी गर्दीत उभं राहूनच पाय दुखतात.

आता गोठ्याचं. हे ऐका, कारण आमच्याकडच्या बहुतेक सहली इथंच अडतात. गाईला सुट्टी नसते. आम्ही सावड केली, खुरपणीला करतो तशीच. अकरा घरांच्या दोन तुकड्या. पहिल्या तुकडीत सहा घरं, शिरूरची तीन, दौंडची तीन. ती गेली तेव्हा दुसऱ्या तुकडीतल्या शेजारणींनी त्यांची जनावरं बघितली. पहिली तुकडी पहाटे चारला स्वतः धार काढून निघाली, संध्याकाळची धार शेजारणीनं काढली. पण गाय परक्या हाताला पान्हा सोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आठ दिवस आधीपासून शेजारीण रोज संध्याकाळी आमच्याबरोबर धारेला बसली. पहिले दोन दिवस गाईनं लाथा झाडल्या. चौथ्या दिवसापासून ओळखायला लागली.

घरून निघायच्या आधी आणखी तीन कामं करा. पहिलं, टेप घ्या आणि पोरांची उंची मोजा. अशा पार्कांत पोराचं तिकीट बहुतेक वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या राइडच्या दाराशी उंचीची पट्टी असते. पट्टीखालच्या पोराला आत सोडत नाहीत, आणि ते त्याच्या भल्यासाठीच असतं, कारण कमरेचा पट्टा लहान अंगाला घट्ट बसत नाही. तासभर रांगेत उभं राहून पोरगं रडत बाहेर येण्यापेक्षा घरीच समजावून सांगितलेलं बरं. दुसरं, ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी जोराच्या राइडमध्ये बसू नये. "काही होत नाही" म्हणून बसू नका. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिसरं, पाळीची तारीख बघून ठेवा. लाजायचं कारण नाही. पॅड, जादा कपडे बरोबर असू द्या, आणि पार्कात शिरल्यावर सगळ्यात आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघून घ्या.

कपड्यांवरूनही थोडं झालं. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, सैल चपला राइडमध्ये धोक्याच्या. थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात कधी पंजाबी ड्रेस घातला नव्हता. नणंदेनं आपला दिला. त्या घालून बाहेर आल्या, तेव्हा दीर काहीतरी बोलणार होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते गाडीत पिशव्या ठेवायला निघून गेले.

खाण्याचं म्हणाल, तर बाहेरचं खाणं अशा पार्कात आत नेऊ देत नाहीत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आम्ही घाटाच्या आधी गाडी थांबवून खाल्ल्या. दुपारचं जेवण आत विकत घेतलं, त्याचे पैसे आधीच धरले होते. म्हणून कुणी किमती बघून कुरकुर केली नाही.

आता मुख्य गोष्ट, बाकाची पाळी. एका वहीच्या पानावर आम्ही तासांचे रकाने आखले. प्रत्येक तासाला दोन मोठी माणसं पिशव्या आणि लहानग्यांपाशी बसणार. एक बाई, एक पुरुष. दर तासाला जोडी बदलायची. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेलं. आम्ही सांगितलं, "पाळी मान्य असेल तर गाडीत चढा." सगळे चढले. दीरांनी आपल्या तासाला तान्ह्याचं दूधही पाजलं, एका मित्राला फोन करून ते सांगितलंसुद्धा.

वॉल्ट डिस्नेची गोष्ट आम्हाला नंतर कळली. तो सिनेमावाला माणूस आपल्या दोन मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचा, आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तेव्हा त्याच्या मनात आलं, की आईबाप आणि पोरं यांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. त्यातून १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिस्नेलँड उघडलं. म्हणजे बघा, सिनेमाचं पार्क ही कल्पनाच बाकावर बसून कंटाळलेल्या एका बापाची! त्या बाकावर आपण बाया किती वर्षं बसतोय, पण आपण त्याची वाच्यता केली नाही.

थोरल्या जाऊबाई मिस्टर इंडियात बसल्या. १९८७ चा तो सिनेमा त्यांनी लहानपणी गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, अंगणात बसून बघितला होता. राइडमध्ये खुर्ची पडद्याबरोबर हलते, आपणच गाडीतून मोगॅम्बोच्या मागे निघाल्यासारखं वाटतं. बाहेर आल्या तेव्हा घाम फुटला होता आणि हसू थांबत नव्हतं. म्हणाल्या, "परत रांगेत उभं राहू का?" वहीत बघितलं, त्यांची पाळी अजून लांब होती. उभ्या राहिल्या. सासूबाई जोराच्या कशातच बसल्या नाहीत. पण गोल फिरणाऱ्या घोड्यांत नातीला धरून दोनदा बसल्या. तेव्हा बाकावर त्यांचा मुलगा होता.

सहाला आम्ही निघालो. पोरं "अजून एक, अजून एक" करत होती, तरी निघालो, कारण परतीची वाट लांबची. आणि आपल्याकडे घोड-भीमेच्या काठी उसात बिबट्या आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून गाडीवाल्याशी आधीच बोललो होतो, की फाट्यावर सोडायचं नाही, वस्तीपर्यंत न्यायचं. त्याचे पैसे जास्त दिले, पण दिले. जिथं गाडी जात नव्हती, तिथं घरच्यांना आधी फोन केला, ते बॅटऱ्या घेऊन पुढं आले. पोरं मध्ये, मोठी माणसं दोन्ही बाजूंना, आणि मोठ्यानं बोलत घर गाठलं. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लक्षात ठेवा.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गोठ्यात सगळं निवांत होतं. शेजारणीनं धारेचा आकडा पाटीवर लिहून ठेवला होता, रोजच्यापेक्षा फक्त अर्धा लिटर कमी.

येत्या मंगळवारी दुसरी तुकडी निघतेय. आता शेजारणीच्या गाईच्या धारेला आम्ही बसतोय. एक तांबडी अजून आम्हाला ओळखत नाही, पण आठवडा आहे हातात.

मैत्रिणींनो, सहल पार्कातलीच हवी असं नाही. जत्रा असो, लग्न असो, देवदर्शन असो. निघायच्या आधी एक वही घ्या आणि वर लिहा, बाकावर कोण बसणार. खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, पुरुषांचीही. मग बघा, पहिल्यांदा कोण कुरकुरतं ते. आम्हाला कळवा.

येतो आम्ही. धारेची वेळ झाली.