गाडी कुणाची? आरसीवर नाव असेल त्याची

ट्रेनमध्ये बसून ऐकत असाल तर मजेत ऐका. गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी इयरफोन काढा, घरी जाऊन ऐका. आजचा विषय गाडीचाच आहे, पण एवढी घाई नाहीये.

मी आपट्याचा. आपटा म्हटलं की लोक विचारतात, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चं स्टेशन तेच का? हो, तेच. १९९५ सालच्या त्या पिक्चरचा शेवटचा ट्रेनचा सीन आमच्या स्टेशनवर शूट झाला. अजूनही रविवारी पोरंपोरी रील काढायला येतात, हात पुढे करून धावतात. प्रॉब्लेम असा आहे की पिक्चरमध्ये वेळेवर ट्रेन येते. आमच्या पनवेल-रोहा लाईनवर दिवसाला मोजक्या गाड्या. एक चुकली की बसा पाताळगंगा बघत. त्यामुळे आमच्याकडे गाडी ही हौस नसते, पाय असतात. (गाडी म्हणजे बाईक. आमच्याकडे कारला कार म्हणतात.)

नोकरी नवी मुंबईत, सॉफ्टवेअरची. गावातले आणि आजूबाजूचे आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र. एक पेणकर, एक रसायनीवाला, एक मास्तर, तो खरंच शिकवतो. रविवारी पहाटे साडेपाचला आपटा स्टेशनबाहेर भेटायचं आणि सुटायचं. कधी कर्नाळा, कधी ताम्हिणी, कधी रेवदंड्यावरून कोर्लईचा किल्ला. सगळ्यात जास्त वेळा अलिबाग. खारपाड्याचा पूल, पेण, वडखळला वडापाव, मग कार्ल्याची खिंड उतरली की समुद्राचा वास. तिघांकडे गाड्या होत्या, माझ्याकडे नव्हती. मी कायम कुणाच्या तरी मागे. वर्षभर 'मागच्या सीटवरचा इंजिनिअर' हे नाव ऐकलं आणि शेवटी ठरवलं, सेकंडहँड घ्यायची.

पण गाडी बघायला निघण्याआधी तुम्हाला बाबांच्या स्प्लेंडरची गोष्ट सांगायला पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबांची जुनी स्प्लेंडर होती, एमएच-०६ पासिंगची. २०२१ मध्ये विकली. विकली म्हणजे मीच विकली. ऑनलाईन फोटो टाकले, एक डीलर आला, कॅश दिली, टीटी फॉर्म पुढे केले. 'काका, इथे, इथे आणि इथे सही करा. नाव-तारीख मी भरतो, पार्टी मिळाली की ट्रान्सफर करून टाकतो.' बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करा, सगळे असंच करतात. त्यांनी सह्या केल्या. पावती घेतली नाही. त्याच्या आधारचा फोटो काढला नाही. गाडी गेली, विषय संपला. असं मला वाटलं.

२०२३ मध्ये घरी नोटीस आली. मोटार अपघात दावा प्राधिकरण, अलिबाग. वडखळजवळ एका मोटारसायकलने सायकलवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता. मोटारसायकलचा इन्शुरन्स संपलेला. आणि मालक म्हणून नाव कुणाचं? बाबांचं. डीलरने गाडी कुणाला तरी दिली, त्याने आणखी कुणाला, आणि ते टीटी फॉर्म कुठल्या ड्रॉवरमध्ये पडले देव जाणे. डीलरचा नंबर बंद.

मला खात्री होती की हे पाच मिनिटांचं काम आहे. गाडी आमच्याकडे नाही, विकलीय, बस. वकिलांनी शांतपणे समजावलं. मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे, कलम २(३०). रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर, तो मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. तिथेही गाडी हातोहात विकली गेली होती, रेकॉर्डला मात्र पहिल्याच माणसाचं नाव होतं. कोर्टाने म्हटलं, भरपाईची जबाबदारी रेकॉर्डवरच्या मालकाची. अपघातात जखमी झालेल्या माणसाने विकत घेणाऱ्यांची साखळी शोधत फिरायचं नाही.

माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये जे आहे तेच खरं. तुम्ही हातात कॅश घेतली, चावी दिली, पेढे वाटले, यातलं काहीच सेव्ह झालेलं नाही.

आणि खरं सांगू? त्या नियमावर मला चिडताही येत नाही. तारखेला तो सायकलवाला येतो. काठी घेऊन चालतो. त्याची काय चूक? त्याला पैसे मिळायलाच हवेत. फक्त ते बाबांच्या पेन्शनमधून जातील की काय, हा आमचा प्रश्न आहे. बाबा तेव्हा मला एकच वाक्य बोलले. 'तू बीटेक ना रे?' रागाने नाही, खरोखरच्या आश्चर्याने.

तर हे डोक्यात घेऊन मी गाडी बघायला निघालो.

पहिल्या तीन-चार गाड्यांत वेळ घालवत नाही. एक पल्सर होती. मालक फोनवर म्हणाला 'घरीच उभी असते', गेलो तर इंजिन गरम. लक्षात ठेवा, पोचल्यावर आधी इंजिनला हात लावायचा. गरम असेल तर त्याने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंडीत स्टार्टिंगचा त्रास असणार. दुसरीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर, म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन-बोअरचं काम काढणार. एकीचं मीटर सांगत होतं अठरा हजार किलोमीटर, पण फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत आणि ब्रेक पेडल झिजून चकचकीत. मीटर खोटं बोलतं, रबर नाही. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरूनही बराच अंदाज येतो. आणि हँडल पूर्ण वळवून चेसिसवरचा स्टॉपर बघा. तो चेपलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलीय, मग वरून कितीही पॉलिश मारू देत.

हे सगळं मला रसायनीवाल्याने शिकवलं. तो वर्कशॉपमध्येच वाढलाय.

मग मिळाली ती. क्लासिक ३५०, २०१८ मॉडेल, काळी. पनवेलला. राव, काय गाडी होती. थंड इंजिन, एका सेल्फमध्ये चालू. फोर्कचे ऑइल सील कोरडे. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघितली, हलली नाही. हात सैल सोडून चालवली तर सरळ रेषेत. आणि किंमत बाजारभावापेक्षा वीसेक हजारांनी कमी. पेणकर तर म्हणाला, 'टोकन दे, मी देतो टोकन, पुढच्या रविवारी मुरुडला जाऊ.'

मी आरसी मागितली. नाव सांगलीच्या एका माणसाचं. विकणारा म्हणाला, 'टेन्शन नाही, टीटी फॉर्म सही करून ठेवलेत, कधीपण नाव करा.' आणि त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून ते काढून दाखवले. फॉर्म २९, फॉर्म ३०. खाली सही. बाकी सगळं कोरं.

मी तिथेच उभं राहून मोबाईलवर गाडीचे ई-चलान चेक केले. तीन निघाले, हेल्मेट नसल्याचे, पुण्यातले. हा तर म्हणत होता गाडी पनवेलच्या बाहेर गेलीच नाही. म्हणजे सांगलीवाल्याने कुणाला तरी विकली, त्याने पुण्यात चालवली, मग ती याच्याकडे आली. मी चौथा.

मास्तर बाजूला घेऊन म्हणाला, 'अरे पण तुला काय? तू तर घेणारा आहेस. चलान आलं तरी सांगलीला जाईल.'

हे वाक्य मी बरेच दिवस विसरलो नाही. कारण त्याचं लॉजिक बरोबर होतं. ज्या माणसाने बाबांची स्प्लेंडर घेतली त्याने अगदी हाच विचार केला असणार. ती सही मी पुन्हा बघितली. निळ्या पेनाने, थोडी थरथरलेली, रेघेच्या वर-खाली. तो माणूस कोण आहे मला माहीत नाही. कदाचित त्याच्याही शेजारी त्याचा शिकलेला मुलगा उभा असेल, करा म्हणणारा.

मी नाही म्हटलं. विकणाऱ्याला सांगितलं, सांगलीवाल्याला फोन लावा, तो हो म्हणाला आणि ट्रान्सफरला तयार असेल तर मी थांबतो. त्याच्याकडे नंबरच नव्हता.

परतीच्या रस्त्यावर पेणकर माझ्याशी बोलला नाही. त्याच्याच गाडीवर मागे बसून येत होतो, त्यामुळे जरा अवघडच झालं.

आता मी घेतलेल्या गाडीबद्दल. मोहोपाड्याच्या एका काकांची युनिकॉर्न, २०२० ची, एमएच-४६, फर्स्ट ओनर. टाकीवर ओरखडा, सीट कव्हर फाटलेलं, दिसायला क्लासिकच्या पासंगालाही पुरत नाही. काकांचे गुडघे गेले म्हणून विकत होते. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात. चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसीशी जुळला.

तरी एक अडचण निघालीच. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. काकांना कुणी सांगितलंच नव्हतं की हप्ते संपले तरी तो आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ द्यावा लागतो. मी पाच हजार टोकन दिलं, साध्या कागदावर दोघांनी सह्या केल्या, आणि म्हटलं बोजा निघाला की बाकीचे. काकांना ते थोडं लागलं. 'माझ्यावर विश्वास नाही का तुझा?' मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले, आणि मग आत जाऊन स्वतःच्या आधारची झेरॉक्स घेऊन आले. न मागता.

तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत तीन रविवार झाले आणि मी तिन्ही वेळा मागच्या सीटवर. बोजा निघाला, मग फॉर्म २९ आणि ३०. काकांसमोर प्रत्येक रकाना भरला, तारीख, वेळ, किंमत, माझं नाव, पत्ता, आणि सगळं भरून झाल्यावरच त्यांना सही करू दिली. कायद्यात विकणाऱ्याला आरटीओला कळवायला चौदा दिवस आहेत आणि घेणाऱ्याला अर्ज करायला तीस दिवस, गाडी त्याच राज्यातली असेल तर. कलम ५०. म्हणजे कळवणं हे विकणाऱ्याचंही काम आहे, नुसतं घेणाऱ्यावर सोडायचं नाही. २०२१ मध्ये मला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर. इन्शुरन्सही नावावर करून घ्यायचा, त्यालाही चौदाच दिवस. काकांचा नो क्लेम बोनस मला मिळाला नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. थोडे पैसे वर गेले.

नवीन आरसी आली त्या रात्री मी काकांना फोटो पाठवला. म्हटलं, काका, आता ही गाडी तुमची नाही, निवांत झोपा.

पहिल्या रविवारी अलिबागलाच गेलो. चौघं, चार गाड्या. पेणकरने युनिकॉर्नकडे बघून 'कडक' म्हणण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. वडखळला थांबलो तेव्हा मात्र मला वडापाव गेला नाही. जिथे अपघात झाला ती जागा पलीकडेच आहे, हे इतके दिवस मागे बसून जाताना डोक्यात आलंच नव्हतं. पुढे बसलं की रस्ता बघावा लागतो. पोयनाडपर्यंत हळू चालवली, तिघं पुढे निघून गेले, मग कार्ल्याच्या खिंडीत थांबून राहिले माझ्यासाठी. मास्तरने विचारलं, 'गाडीत काय आहे का?' मी म्हटलं, गाडीत काही नाही. मग बीचवर गेलो, भरती होती, कुलाबा किल्ल्यात चालत जाता आलं नाही. नारळपाणी प्यायलो, पाण्यात गेलो, पेणकरने माझा हेल्मेटमधला फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'पुढच्या सीटवरचा इंजिनिअर'. येताना पेणला पोह्याचे पापड घेतले. मस्त दिवस गेला, खोटं कशाला बोलू.

केस अजून चालू आहे. बाबा दर तारखेला सकाळी पेणपर्यंत ट्रेन आणि पुढे एसटी करून जायचे, माझ्याबरोबर कुणाच्या गाडीवर यायला तयार नसायचे. परवा पुढची तारीख कळली. रात्री मी गाडी पुसत होतो, ते अंगणात आले, आरसी मागितली, चष्मा लावून नाव वाचलं, मग परत दिली.

म्हणाले, 'सात वाजता निघू. वडखळला थांबायचं नाही.'